मालमोटारीची प्रदक्षिणा

भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. हिवाळ्यातल्या पहाटे वैनगंगेच्या पात्रावरून उठलेले धुके शेतांवर आणि रस्त्यांवर उतरते. त्या धुक्यातून धानाची बंडी, दूधवाल्याची सायकल, शाळेला निघालेली मुले अशी एकेक आकृती हळूहळू पुढे येते. याच जिल्ह्यातून पूर्वी 6 आणि आता 53 या क्रमांकाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो. नागपूरहून आलेला हा रस्ता भंडारा, लाखनी, साकोली ही गावे मागे टाकीत रायपूरकडे निघून जातो. त्यावर रात्रंदिवस मालमोटारींची रीघ असते. कोणी तांदळाची पोती नेत असते, कोणी लोखंड, तर कोणी सिमेंट.

धावणारी मालमोटार सर्वांना दिसते. ती धावण्यापूर्वी जे काम होते ते मात्र फार थोड्यांच्या दृष्टीस पडते. भाविक जसा देवळाभोवती प्रदक्षिणा घालतो, तसा जाणता चालक गाडीत चढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी घालतो. फरक एवढाच, की भाविकाचे डोळे मिटलेले असले तरी चालते. चालकाचे मात्र सताड उघडे असावे लागतात.

ही फेरी जमिनीपासून सुरू होते. रात्रभर गाडी जेथे उभी होती, तेथे मातीवर तेलाचा डाग आहे काय, पाणी ठिबकले आहे काय, हे तो आधी पाहतो. मुक्या जनावराचे दुखणे जसे त्याच्या गोठ्यावरून कळते, तसे गाडीचे दुखणे तिच्याखालच्या जमिनीवरून कळते. मग इंजिनाचे तेल आणि पाणी पाहून तो चाकांकडे वळतो. सहा चाकांच्या गाडीला मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असतात. जोडीतल्या आतल्या चाकाची हवा गेली, तरी बाहेरचे चाक भार उचलून धरते आणि वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. म्हणून चालक हातातल्या लोखंडी दांड्याने प्रत्येक टायरवर ठोका घालतो. हवा भरलेला टायर टणक आवाज देतो, उतरलेला नुसताच 'भद्द' करतो. दोन चाकांच्या मध्ये दगड अडकला असेल, तर तो आधी काढावा लागतो. वेगात सुटलेला दगड मागून येणाऱ्याला गोळीसारखा लागतो. चाकाच्या नटाशेजारी गंजाची ताजी रेघ दिसली, तर तो नट सैल झाला असावा असे समजावे. टायरच्या खाचा झिजून 1.6 मिलिमीटरवर आल्या, की तो टायर बदलायला झाला. कारण ओल्या रस्त्यावर चाकाखालचे पाणी बाजूला सारण्याचे काम त्या खाचाच करतात.

त्यानंतर दिवे. चालक आत बसून एकेक दिवा लावतो आणि त्याचा मदतनीस मागे उभा राहून "लागला, उस्ताद!" अशी हाक देतो. मागच्या फळीवरच्या चकाकणाऱ्या पट्ट्यांवर चिखल बसला असेल, तर तो फडक्याने पुसला जातो. त्या पट्ट्यांचा चालकाला स्वतःला काहीच उपयोग नसतो. धुक्यातून मागाहून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी त्या असतात.

ब्रेकचे काम तर मोठे नवलाचे आहे. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने 1869 साली आगगाडीसाठी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक तयार केला. पुढे तेच तत्त्व मोठ्या मालमोटारींनी उचलले. इंजिनावर चालणारा पंप टाक्यांत हवा दाबून भरतो आणि चालकाने ब्रेकवर पाय दिला, की तीच हवा चाकांना रोखते. म्हणून चालक इंजिन सुरू करून हवेच्या काट्याकडे पाहत थांबतो. काटा ठरल्या खुणेपर्यंत चढला, की तो इंजिन बंद करून कान देतो. कोठे 'सुस्स' असा आवाज आला किंवा काटा भराभर उतरू लागला, तर हवा गळत आहे हे उघड होते आणि गाडी जागची हलत नाही.

एवढी दक्षता कशासाठी? सहा चाकांच्या मालमोटारीचे मालासकट वजन कायद्याप्रमाणे साडेअठरा टनांपर्यंत असू शकते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. अशा गाडीसमोर दप्तर घेतलेले एखादे मूल अचानक आले, तर त्याचे प्राण पहाटे पाहिलेल्या त्या काट्यावर अवलंबून असतात. त्या मुलाला याची कल्पनाही नसते.

आणि तरीही ही फेरी टाळण्याचा मोह रोजच होतो. धानाचे दिवस असतात, भात गिरणीपुढे गाड्यांची रांग लागलेली असते, मालक उशिराबद्दल बोल लावतो. अशा वेळी नवशिका मदतनीस कुरकुरतो, "उस्ताद, कालच तं पाहिलं होतं!" जुना चालक शांतपणे उत्तर देतो, "कालचं पाहिलेलं काल संपलं, बाबू. आजचं आजच पाहा लागते." मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक मालमोटारीला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु तो कागद त्या दिवसापुरती साक्ष देतो. आज पहाटे टायरमध्ये खिळा शिरला आहे की नाही, हे कोणताही कागद सांगू शकत नाही.

गाडीइतकीच चालकाचीही पाहणी व्हावयास हवी. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने चालकाच्या कामाला दिवसाकाठी आठ तासांची मर्यादा घातली आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. झोपेने जडावलेल्या डोळ्यांपुढे उत्तम ब्रेकही निरुपयोगी ठरतो.

मुक्कामाला पोहोचल्यावर दुसरी फेरी असते आणि तीच अधिक कठीण. अंग शिणलेले असते, भूक लागलेली असते आणि काम तर पार पडलेले असते. तथापि धावून आलेली गाडीच आपली दुखणी खरी सांगते. एखाद्या चाकाचा मध्यभाग इतरांहून जास्त तापलेला असला, तर तेथे ब्रेक घासत राहिला आहे, किंवा चाकातले वंगण आटले आहे. जळका वास, नवी खडखड, एकाच बाजूला ओढणारे चाक, हे सारे तेव्हाच ध्यानात येते. जाणता चालक ते वहीत टिपून ठेवतो आणि मालकाच्या कानावर घालतो. कारण दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर दुसराच कोणी बसणार असेल. स्वतःला कळलेला दोष दुसऱ्यापासून लपविणे म्हणजे त्याच्या वाटेत खड्डा खणून तो पाल्याने झाकणेच होय.

दसऱ्याच्या दिवशी मालमोटारी धुऊन पुसून उभ्या राहतात. त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, चाकांपुढे नारळ फुटतात. ती पूजा साऱ्या गावाला दिसते. वर्षाच्या उरलेल्या दिवशी पहाटेच्या अंधारात, कोणी पाहत नसताना घातलेली फेरी हीही त्या गाडीची पूजाच आहे. तिचे फळ डोळ्यांना दिसत नाही. जो अपघात घडलाच नाही, त्याची बातमी कोठे छापून येत नाही आणि त्यातून वाचलेला माणूस आभार मानायला येत नाही. तो आपल्या वाटेने घरी जातो, हातपाय धुतो आणि पानावर बसतो. चालकाच्या कष्टांचे सारे मोल त्या घरी पोहोचण्यात आहे.