सात मिलिमीटर

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता उजव्या कुशीत कळ उठली. बसवेना, झोपवेना. मी घरभर येरझाऱ्या घालतोय आणि आई म्हणते, "तुझ्या वेळेला मी एवढी ओरडले नव्हते!"

सकाळी धुळ्याला जाऊन सीटी स्कॅन केला. उजव्या मूत्रवाहिनीत, अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी, ७ मिलिमीटरचा खडा. मूत्रविकारतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "ताप नाही, किडनीचं काम व्यवस्थित आहे, गोळीने कळ थांबतेय. चार आठवडे थांबू या. मग परत तपासायचं."

थांबू या? मला तर तो आत्ताच्या आत्ता बाहेर हवा होता.

अमळनेरमध्ये कुणाला मुतखडा झाला, की भेटायला येणारा प्रत्येकजण आपापला खडा घेऊन येतो. उन्हाळाच तसा आहे आमचा. पारा ४४ वर, घाम धो धो आणि पाणी प्यायची आठवण संध्याकाळी! शेजारच्या सरांचाही खडा ७ मिलिमीटरचाच, पण त्यांना मशीनवर झोपवून बाहेरून लहरींनी फोडला होता. गल्लीतल्या मावशींना पाठीतून भोक पाडून काढला. "तुझा डॉक्टर नुसत्या गोळ्या देतो?" असं दोघांनीही विचारलं. त्यातली एक गोळी बघून अण्णा ओरडले, "अरे, ही तर माझी प्रोस्टेटची!" झालं. आईचा डॉक्टरांवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. तिने कुळथाचं कढण सुरू केलं आणि माझं दूध बंद केलं.

आठवड्याने डॉक्टरांना सगळं विचारलं. त्यांनी चिठ्ठीच्या मागे दोन किडन्या आणि दोन नळ्या काढल्या. सरांचा खडा किडनीत होता, तो आपसूक नळीत उतरायची वाट किती दिवस बघणार? शिवाय तो वरच्या कप्प्यात आणि ठिसूळ, म्हणून लहरी चालल्या. तोच खालच्या कप्प्यात असता तर चुरा तिथेच साचून राहिला असता. फार कडक असता तर नीट फुटलाच नसता. मावशींचा दोन सेंटिमीटरच्या वरचा, एवढा चुरा नळीतून कसा उतरणार? म्हणून पाठीतून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर या दोन्ही वाटा सहसा बंदच. युरिक ॲसिडचा खडा असेल तर कधीकधी नुसत्या औषधांनी विरघळतो. अण्णांची गोळी प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करते, तशीच नळीचं खालचं टोकही सैल करते. आणि दूध बंद करायचं नाही. मीठ कमी करायचं आणि एवढं पाणी प्यायचं की दिवसाला अडीच लिटर लघवी होईल.

"आणि ताप आला तर?" मी विचारलं.

"मग मध्यरात्रीसुद्धा निघून यायचं. अडलेली नळी आणि त्यात पू, म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा खडा नंतर बघायचा, आधी नळी टाकून लघवीला वाट करून द्यायची."

तिसऱ्या आठवड्यात माझी कळ एकदम थांबली. खडा पडला! असं मी जाहीरही करून टाकलं. पुन्हा धुळ्याला कोण जाणार त्या उन्हात?

हे नानाकाकांच्या कानावर गेलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "पडताना पाहिला का रे तू?"

मी गप्प. नानांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कुणी नाही. वीस वर्षांपूर्वी त्यांनाही अशीच कळ आली होती. मेडिकलवरून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत कळ गेली, खडा गेला असं समजले. दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तर खडा जागच्या जागी आणि डावी किडनी फुग्यासारखी फुगून निकामी झालेली. तेव्हापासून नाना एका किडनीवर आहेत.

नाना स्वतः बरोबर आले. माझा खडा तिथेच होता. किडनीला मात्र सूज आली होती. खडा तोच, आकार तोच, जागाही तीच, या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता थांबायचं नाही." लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने फोडला. टाका एकही नाही. आत ठेवलेल्या नळीने दोन आठवडे छळलं, पण ते असो.

मला वाटायचं, डॉक्टर खडा मोजतात आणि तक्त्यात बघून उपाय सांगतात. प्रत्यक्षात ते खड्याच्या मागची किडनी राखत होते. 'थांबू या' हासुद्धा उपचारच होता, पण 'परत तपासायचं' या अर्ध्या वाक्यासकट. मी सोयीचं अर्धंच ऐकलं होतं.

नानांचा आता रोज संध्याकाळी फोन येतो. एकच प्रश्न, "किती बाटल्या झाल्या?"

आज तीनच झाल्यात. उठतो.