आम्ही शीर्षक लिहावयास शिकतों

विद्या शिकावयास वयाची आडकाठी नसते, असें आम्ही शाळेंत तीस वर्षें मुलांना सांगत आलों. त्या वाक्याची परीक्षा आमच्याच घरांत व्हावयाची आहे, हें मात्र कधीं ध्यानीं आलें नव्हतें.

थोरले बंधू वारल्यापासून आमच्या वहिनी घरींच थालीपिठाची व उपवासाची भाजणी आणि मेतकूट करून विकतात. हाताखालीं दोन गरजू बायका आहेत. पुण्याच्या पेठांतील जुनीं गिऱ्हाइकें उपनगरांत पांगलीं, कांहीं मुलांकडे परदेशीं गेलीं, आणि मागणी ओसरली. तेव्हां संकेतस्थळाची टूम आम्हींच काढली. वहिनींच्या गांठीचे पैसे त्यांत घातले. मजकूर लिहिण्याचा मान अर्थातच आम्हीं आपल्याकडे घेतला. पानाच्या माथ्यावर आम्हीं लिहिलें : 'सुगृहिणीच्या हातचा अमृतस्पर्श'. चार महिन्यांत तीन मागण्या आल्या. पैकीं दोन व्याह्यांच्या घरून.

अशा वेळीं एक गृहस्थ भेटले. महिन्याभरांत गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देतों, असें त्यांनीं मोठ्या खात्रीनें सांगितलें. वहिनींस न विचारतां त्यांच्या उरलेल्या रकमेंतून आम्हीं त्या गृहस्थांस आठ हजार रुपये दिले. महिना उलटला, क्रमांक मिळाला नाहीं, आणि गृहस्थही फोनवर मिळेनासे झाले. एके रात्रीं पुतण्याच्या पत्नीनें तें पान उघडून त्यावरून माउस ओढला, तों तळाशीं पांढऱ्यावर लिहिलेलीं पांढरीं अक्षरें उमटलीं : भाजणी, भाजणी, भाजणी! वहिनी शेजारींच धान्य निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं चष्मा लावून तें पाहिलें.

"भाजणींत काय काय आहे तें मी पिशवीवर लिहितें, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जें लपवावें लागतें तें पानावर कशाला?"

पैशांविषयीं त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. तेंच आम्हांला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई आमची गुरु झाली. शोधयंत्राला आपलें पान नीट कळावें व शोधणाऱ्याला तें सांपडावें, एवढाच या एस्. ई. ओ. नांवाच्या विद्येचा मूळ हेतु. आपण शब्द लिहितों त्या क्षणीं गूगल कांहीं सारें जग धुंडाळीत नाहीं. त्याचे यांत्रिक हेर एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानें आधींच वाचून ठेवतात; त्यांची ग्रंथालयांतल्यासारखी सूची होते, आणि उत्तर त्या सूचींतून निघतें. सूचींत नोंदच नसेल, किंवा नोंदीवर भलतेंच नांव असेल, तर ग्रंथ कितीही उत्तम असो, तो कपाटांतच राहतो.

क्रम लावण्याची एक युक्ति लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत असतांना १९९८ सालीं मांडली. ज्या पंडिताचा हवाला इतर मान्यवर पंडित देतात तो थोर. तसें ज्या पानाकडे चांगल्या पानांवरून दुवे येतात तें वजनदार. आज त्याखेरीज इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. आमच्या गृहस्थांनीं पानाच्या पोटांत 'कीवर्ड' म्हणून शब्दांची लांबलचक यादीही भरली होती; तसली यादी आपण क्रमासाठीं पाहत नाहीं, हें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलेलें आहे. लपविलेला मजकूर तर त्याच्या नियमांत निषिद्धच; त्यापायीं पान मागें पडूं शकतें, प्रसंगीं सूचींतून गळूंही शकतें.

तीं पांढरीं अक्षरें पुसून झाल्यावर सूनबाईनें विचारलें, "काका, भाजणी हवी असलेली बाई काय लिहून शोधील?"

"भाजणी, दुसरें काय?"

"मग तुमच्या शीर्षकांत तो शब्द कोठें आहे?"

जन्मभर निबंधांतील अलंकारांना गुण देणाऱ्या आम्हांपाशीं यावर उत्तर नव्हतें. नवें शीर्षक झालें : 'थालीपिठाची घरगुती भाजणी, पुणें'. प्रत्येक जिनसाला स्वतंत्र पान आलें, त्याचें दोन ओळींचें वर्णन आलें, आणि छायाचित्रांत काय दिसतें तें शब्दांत लिहिलें गेलें. कारण यंत्राला तें चित्र शब्दांच्या आधारानें अधिक नीट कळतें. गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य साधनावरून कळलें कीं, कित्येक माणसें मराठी शब्द रोमन लिपींत लिहून शोधतात. तें रूपही आम्हीं पानावर एकदां, उघडपणें, लिहिलें.

पण पानाला खरें बळ आलें तें वहिनींमुळें. गिऱ्हाइकें फोनवर जें विचारतात, म्हणजे भाजणी किती दिवस टिकते, प्रत्येक धान्य वेगळें कां भाजावें, थालीपीठ तव्यावर कां फाटतें, त्याचीं उत्तरें त्यांनीं सांगितलीं आणि आम्हीं त्यांच्याच शब्दांत उतरून घेतलीं. एकही विशेषण घातलें नाहीं. पाककृति लिहिणाऱ्या एका बाईंनीं आपल्या पानावरून आपण होऊन त्या उत्तरांकडे दुवा दिला.

कांहीं बदलांचा परिणाम कांहीं तासांत, तर कांहींचा अनेक महिन्यांनीं दिसतो, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊं शकत नाहीं, असें गूगल स्वतःच सांगतें. आम्हीं तें आधीं वाचलें असतें तर आठ हजार वांचले असते. सहा महिने झाले. पहिला क्रमांक अजून मोठ्या दुकानांचाच आहे. परंतु आतां आठवड्यास दहाबारा मागण्या येतात, आणि दिवाळीनंतर एका बाईला रजा द्यावी लागेल हा वहिनींचा घोर टळला आहे.

निवृत्तिवेतनांतून दरमहा हजार रुपये आम्ही वहिनींच्या डब्यांत टाकतों. अजून दोन हप्ते बाकी आहेत. 'अमृतस्पर्श' पानाच्या तळाशीं लहान अक्षरांत राहूं द्यावा, अशी आम्हीं सूनबाईला विनंति केली होती. तिनें वहिनींकडे पाहिलें. वहिनी हंसून म्हणाल्या, "राहूं दे गं. दिसतो आहे ना, मग झालें."