धाकटीस, येळवशीच्या आधी

शिरूर अनंतपाळ



यंदा येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, भज्जी तू करणार, असं आईनं सांगितलं. पन्नास माणसांचं पातेलं पहाटे चुलीवर चढणार आणि लेकरं तिथंच घोटाळणार. म्हणून आधी कुणी भाजलं तर काय करायचं, ते लिहिते.

भज्जीचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट. पाणी ओघळून जातं. बेसनाचा घट्ट रस कातडीला धरून बसतो आणि भाजतच राहतो. मागच्या येळवशीला शेजारच्या लेकराच्या मनगटावर तो उडाला. आजीनं मायेनं हळद-तेल थापलं. जखम किती खोल हे बघायला डॉक्टरांना तो पिवळा थर पुसून काढावा लागला. तेव्हाचं लेकराचं ओरडणं बाहेर आम्हाला ऐकवेना.

लावायचं काही नाही, ओतायचं आहे. साधं गार पाणी, घड्याळ बघून २० मिनिटं. वरची आग थांबली तरी धग आत उतरत असते, ती पाण्यानंच निघते. बर्फ नको, त्यानं भाजलेली कातडी आणखी दुखावते. पाण्याला उशीर झाला तरी तीन तासांच्या आत ते उपयोगी पडतं.

आपल्या भागात नेमका इथंच हात आखडतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस बघितलेल्या बायकांना एवढं पाणी सांडणं जिवावर येतं. टूथपेस्ट, तूप पटकन पुढं येतं ते यामुळंही, असं मला वाटतं. पण तांब्यानं बारीक धार धरली तर दोन घागरीत भागतं. खाली घमेलं ठेव, पाणी झाडाला घाल. लेकराच्या जिवापुढं दोन घागरी काय गं!

धार चालू असतानाच बांगड्या, अंगठी उतरव. सूज आली की निघत नाहीत. चिकटलेला कपडा ओढू नको. थंडीचे दिवस, लेकराचं बाकीचं अंग पांघरुणात ठेव. फोड फोडू नको, धुतलेल्या सुती फडक्यानं सैल झाक.

भाजलेलं ज्याच्या-त्याच्या तळहाताहून मोठं असलं, किंवा तोंड, हात, सांधा, जांघ भाजली, तर घरी थांबू नको. १०८ ला फोन कर. कातडी पांढरी पडून दुखेनाशी झाली तर बरं वाटलं असं समजू नको, ते खोल भाजलेलं असतं. धनुर्वाताच्या सुईचंही विचार.

पातेलं दोघींनी मिळून उतरवा, आणि तेवढा वेळ लेकरांना अंगणात पिटाळ. भज्जीबरोबरच्या उंड्यांचं आई फोनवर सांगेल.

तुझी अक्का