बाबांची संध्याकाळची फेरी आणि पंचवीस फूट



आई-बाबा न्यू जर्सीला आले की पहिला आठवडा जेट लॅगचा आणि दुसरा "इथे माणसं चालत का नाहीत?" या प्रश्नाचा. बाबांचं वय ७१. संध्याकाळी चालत ओक ट्री रोडला जाऊन भाजी आणायची, हा त्यांचा इथला एकमेव स्वतंत्र उद्योग. मित्र म्हणतात, "कशाला रिस्क? गाडीने सोडत जा." मला ते पटत नाही. घरात कोंडून ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे.

अडचण कोपऱ्यावर आहे. क्रॉसवॉकला खेटून एखादी व्हॅन उभी असते. तिच्या आडून बाबा डोकावेपर्यंत ड्रायव्हरला ते दिसत नाहीत. १ एप्रिल २०१० पासून इथे क्रॉसवॉकमध्ये माणूस असेल तर गाडी नुसती हळू करून भागत नाही, पूर्ण थांबवावी लागते. पण माणूस दिसलाच नाही तर थांबणार कसं? म्हणून तर क्रॉसवॉकपासून २५ फुटांच्या आत पार्किंगला राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे. शनिवारी मिठाईच्या गर्दीत नेमके तेच २५ फूट आधी भरतात, आणि भरणारे बहुतेक आपलेच लोक!

वेगाचंही तसंच. एएए फाउंडेशनच्या २०११ च्या अभ्यासानुसार सत्तरीच्या माणसाला ताशी २५ मैलांनी बसलेली धडक ही तिशीतल्या माणसाला ३५ मैलांनी बसलेल्या धडकेइतकी घातक असते. म्हणजे माझ्यासाठी "स्लो" असलेली गाडी बाबांसाठी स्लो नाही.

आपल्या धंद्यात युजर सारखा एकाच जागी चुकत असेल तर आपण स्क्रीन बदलतो, युजरला लेक्चर देत नाही. होबोकेनने रस्त्यांचं हेच केलं. कोपरे रंग आणि लवचिक खांब लावून मोकळे ठेवले, २०२२ मध्ये बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आणली. २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. होबोकेन छोटं, दाट शहर आहे, हे मान्य. आपल्याकडे मोठे रस्ते अनेकदा काउंटीच्या ताब्यात असतात, वेळ लागेल. पण कोपऱ्यावर चार खांब लावायला काय हरकत आहे?

टाउनशिप कौन्सिलच्या मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. तिथे एच-वन की ग्रीन कार्ड, कोणी विचारत नाही. पुढच्या मीटिंगला मी कोपऱ्यांचे फोटो घेऊन जाणार आहे. बाबाही येतो म्हणालेत. आणखी कोण येतंय?