एर्वाडीचं देणं

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या जिल्हा रुग्णालयातून फुकट मिळतात. त्याबद्दल आभार कुणाचे मानायचे? सरकारचे म्हणावं, तर सरकार आपणहून फारसं हललेलं दिसत नाही. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पुढे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून दाखवलं, की हे उपचार घराजवळ करता येतात. तरी जिल्हा कार्यक्रम सुरू व्हायला 1996 उजाडलं, तेही मोजक्याच जिल्ह्यांत.

मग 6 ऑगस्ट 2001. तमिळनाडूतल्या एर्वाडीला दर्ग्याजवळच्या, मनोरुग्णांच्या एका खाजगी आसऱ्यात पहाटे आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली, पळणार कशी? 28 जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांकडे हिशेब मागितला. 2007 मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, तेव्हा 1987चा जुना मानसिक आरोग्य कायदा त्यात बसेना. त्यात रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा रेटा. 2014चं धोरण आणि 2017चा कायदा असे आले. सरकारांना पाझर फुटतो तो बहुधा कुणीतरी कोंडीत पकडल्यावर, असं माझं मत झालंय.

भावाने फवारणीचं औषध घेतलं, ते हा नवा कायदा येण्याआधी. तो धड शुद्धीवरही नव्हता आणि हवालदार जबाबाचा कागद घेऊन खाटेशी उभा. आई त्याचे पाय धरून बसलेली. "साहेब, खोकल्याचं समजून प्यायला हो," एवढंच घोकत होती. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या 309 कलमाच्या धाकाने डॉक्टरांनाही आम्ही तेच सांगितलं. त्यामुळे मूळ आजारावर उपचार लांबले ते लांबलेच. नव्या कायद्याचं 115वं कलम म्हणतं, अशा माणसावर तीव्र ताण होता असं धरून चालायचं, खटला भरायचा नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. या कायद्याच्या मसुद्याला पुण्याच्या डॉ. सौमित्र पाथरे यांचा हात लागलाय. त्यांना मी कधी भेटलेलो नाही. एर्वाडीच्या त्या माणसांची तर नावंही मला ठाऊक नाहीत.

ओपीडीतल्या समाजसेविका ताईंचं ऋण मात्र समोरासमोरचं. तारीख चुकली की त्यांचा फोन येतोच, आणि आधी भावाला बोलावतात, मला नंतर.

अधूनमधून गोळ्या संपलेल्या असतात. मग मी तक्रारवही मागतो. उपचार हा आता कायद्याने हक्क आहे. गेल्या खेपेला बाकावरची एक आजी म्हणाली, "बाबा, आमचं बी लिव." लिहिलं.