वर्षाकाठी एक पालवी

जर्मनीच्या दक्षिणेला, फ्रायबुर्गजवळच्या शाउइन्सलांड डोंगरावर, उघड्या कुरणांत बीचची प्रचंड झाडं उभी आहेत. त्यांचं बालपण गायींच्या तोंडी गेलं. कोवळा शेंडा वर आला की गाय तो खुडायची. झाड खालच्या लाकडातून दोन नवे फुटवे काढायचं. पुढच्या उन्हाळ्यात तेही जायचे. असं वर्षानुवर्षं चालल्यावर गुडघ्याएवढ्या उंचीचं, आत बोट घालता येणार नाही इतकं दाट झुडूप होतं. उंची मिळत नाही म्हणून ते आडवं पसरतं. पसरता पसरता एक वर्ष असं येतं की गायीची जीभ मधल्या शेंड्यापर्यंत पोचत नाही. त्या वर्षी झाड सुटतं. मधले फुटवे आभाळाकडे निघतात, जाड होता होता एकमेकांत मिसळतात, आणि पुढे कधीतरी कवेत न मावणारा, पन्हळी पडलेला एकच बुंधा तयार होतो.

रानातली झाडं आणून कुंडीत वाढवणारे आम्ही लोक त्या मधल्या अवस्थेच्या शोधात असतो. झाड खुजं झालेलं आहे, बुंधा म्हातारा आहे, आणि सुटका अजून झालेली नाही. जपानी लोक अशा रानातून आणलेल्या झाडाला यामादोरी म्हणतात. बियांपासून बीचचा असा बुंधा करायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. कुरणावर ते काम मेंढ्या आणि ससे फुकट करून ठेवतात, आणि ते इतक्या निगुतीनं करतात की कात्री हातात घेतलेल्या माणसाला त्यांच्याकडून शिकावं लागतं.

मी राहतो तिथून चिल्टर्नच्या टेकड्या जवळ आहेत. इंग्लंडच्या या भागात जमिनीखाली पांढरा खडू आहे आणि त्यावर बीचची जंगलं. हाय विकम गावच्या खुर्च्या एके काळी जगभर जायच्या. त्यांचे पाय याच जंगलांत, झाडाखालीच खोपट घालून, पायानं चालवायच्या साध्या चरकावर कातले जायचे. उन्हाळ्यात बीचच्या जंगलात शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो अंधार. पानं अशी एकावर एक बसतात की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. फक्त तांबूस पाचोळा, आणि त्यात सावलीत तग धरून राहिलेली बीचचीच पोरं, वर कुठेतरी एखादा मोठा वृक्ष कोसळण्याची वाट पाहणारी.

ती पोरं मी उचलत नाही. माझी झाडं आली ती जंगलाबाहेरच्या गवताळ उतारांवरून. खडूच्या या उतारांवर रानऑर्किड आणि निळी फुलपाखरं आहेत, आणि ती टिकायची तर उतार उघडा राहावा लागतो. म्हणून हिवाळ्यात स्वयंसेवक तिथली झुडपं काढतात. काढायच्या झाडांत मेंढ्यांनी कुरतडलेला एखादा बीच असतो. तो नाहीतरी जाळात जाणार. जागेच्या मालकाची रीतसर परवानगी मागायची आणि तो न्यायचा. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार मालकाला न विचारता कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. मुळशीकडच्या आमच्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आजीनं अगदी लहानपणी अंगी मुरवलं. रानातून काही घ्यायचं तर ते कुणाचं आहे हा प्रश्न आधी आला पाहिजे. भराभर डोंगर पालथे घालून, दहा झाडं आणून त्यांतली दोन जगवणाऱ्यांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. जे जगवण्याची खात्री नाही ते जिथे आहे तिथे राहू द्यावं.

झाड निवडताना नवखा माणूस फांद्या बघतो. बघायचा तो पाया. बुंध्याभोवतालचा पाला बोटांनी सारायचा, माती थोडी उकरायची, आणि मुळं सगळीकडे सारखी पसरली आहेत का ते पाहायचं. एकाच बाजूला एक जाड मूळ उतारात घुसलं असेल तर झाड कितीही देखणं असो, माती परत लोटून उठायचं. फांद्या नव्या करता येतात. मुळांचा असा घेर करायला अनेक वर्षं जातात.

खोदायची वेळ हिवाळा सरताना, कळ्या फुगू लागतात पण फुटलेल्या नसतात तेव्हा. बुंध्याजवळची केसाळ मुळं जितकी मिळतील तितकी घ्यायची, लांब जाड मुळं करवतीनं स्वच्छ कापायची. जवळ तंतुमुळं नसतील तर एका वर्षी अर्ध्या घेराभोवती चर मारून तो भुसभुशीत मातीनं भरायचा, आणि नवी मुळं सुटल्यावरच पुढचा विचार करायचा. मूळची माती सगळी धुवायची नाही. बीचच्या मुळांवर बुरशीचं आवरण असतं. तीच दूरचं पाणी आणि क्षार मुळांपर्यंत आणते, आणि झाड तिला साखर देतं. त्या मातीची एक मूठ नव्या घरात गेलीच पाहिजे. मग लाकडी खोकं, निचऱ्याचं खडबडीत मिश्रण, झाड हलू नये म्हणून तारेनं घट्ट बांधणं, ओलं शेवाळ, वाऱ्याचा आडोसा. आणि मग काहीही करायचं नाही. या काही न करण्यातच खरी परीक्षा असते. कात्री समोरच टांगलेली असते.

बीच वर्षातून एकदाच पालवतो. ऑगस्टच्या सुमारास कधी कधी दुसरी पालवी येते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. पुण्यात वाड्याच्या पडक्या भिंतीतून काढलेला पिंपळ कुंडीत लावणारे माझे स्नेही आहेत. त्यांचा पिंपळ छाटला की काही आठवड्यांत पुन्हा फुटतो. चुकलेली फांदी त्याच मोसमात दुरुस्त होते. बीचशी तसा व्यवहार नाही. दाभणासारख्या अणकुचीदार तपकिरी कळ्या सगळा हिवाळा फांदीवर तयार असतात आणि त्या वर्षी काय व्हायचं ते बरंचसं त्यांच्यात आधीच बांधलेलं असतं. वसंतात त्या लांबतात, सैल होतात, घडी घातलेली पानं बाहेर पडतात, कडेला रेशमी लव. त्या दिवसांत रोज सकाळी झाडापाशी जावं लागतं. दोन पानं सुटली की मधला मऊ कोंब नखानं खुडायचा. शेंड्याकडच्या कळ्या आधी जाग्या होतात, आतल्या दुबळ्या मागून. म्हणून वरची खुडणी कडक, खालची हलकी, आणि अगदी आतल्या फांद्यांना हातच लावायचा नाही. एका झाडाची ही खुडणी सलग एका दिवसात कधीच होत नाही. पुढे उन्हाळ्यात बाहेरची मोठी पानं अर्धी कापली की आत उजेड पोचतो, आणि उजेड पोचला तरच आतली फांदी जगते. वर्षभरात झाडाशी बोलायची संधी एवढीच.

सालीचंही तसंच, तिथेही चूक पुसता येत नाही. बीचची साल पातळ, गुळगुळीत, करडी. ओक किंवा पाइनसारखी ती जाड होऊन खपल्या टाकत नाही. म्हणून युरोपभर बीचच्या खोडांवर प्रेमिकांनी कोरलेली नावं, माणसं गेल्यानंतरही, रुंदावलेल्या अक्षरांत टिकून आहेत. कुंडीतल्या झाडावर, फांदी वळवायला गुंडाळलेल्या तारेचा वळही असाच राहतो. जपानमध्ये पानगळीच्या झाडांची खोडं उजळण्यासाठी हिवाळ्यात पातळ चुना-गंधकाचा हात फिरवतात. तिथला बीच, म्हणजे बुना, मुळातच पांढरट खोडाचा, आणि उत्तर होन्शूतल्या शिराकामीच्या रांगांत, १९९३ साली जागतिक वारसा ठरलेल्या जंगलात, तो धुक्यात तसाच दिसतो. त्याला तो चुन्याचा हात शोभतो. फुजीच्या बाजूच्या, पॅसिफिककडच्या बुनाची पानं जपान समुद्राकडच्या बुनापेक्षा लहान असतात, म्हणून कुंडीसाठी ती विशेष मोलाची. टोकियोत १९३४पासून भरणाऱ्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनात, फेब्रुवारीत, असे पर्णहीन बुना मांडतात. काडी न काडी उघडी. इंग्लिश बीचला मात्र मी चुना लावत नाही. त्याचा रंग पावसाळी आभाळाचा आहे, तो तसाच असावा.

आणि पानंही मी काढत नाही. छाटलेला बीच सुकलेली तांबूस पानं हिवाळाभर धरून ठेवतो. इथल्या घराघरांच्या कुंपणांत हे दिसतं. स्कॉटलंडमध्ये मिकलोरला १७४५ साली लावलेलं बीचचं कुंपण आज सुमारे ३० मीटर उंच आहे. तेच झाड, तीच छाटणी, फक्त शिडी वेगळी.

ससेक्समध्ये चँक्टनबरीच्या टेकडीवर १७६० साली चार्ल्स गोरिंग नावाच्या मुलानं बीचची रोपं गोलाकार लावली. रोपं जगावीत म्हणून तो पाणी घेऊन टेकडी चढायचा असं तिथे सांगतात. तो म्हातारा होईपर्यंत जगला आणि त्याला त्यांची सावली मिळाली. १९८७च्या ऑक्टोबरमधल्या वादळात त्यांतली बहुतेक झाडं एका रात्रीत आडवी झाली. खडूवर बीचची मुळं उथळच असतात. तिथे पुन्हा बीच लावले आहेत. तो चढ चढताना पाण्याचं वजन किती झालं असेल हे मला प्रत्येक वेळी जाणवतं.

माझ्याकडचा सगळ्यांत जुना बीच आता खोक्यातून पहिल्या खऱ्या कुंडीत जाईल. जपानमधल्या तोकोनामेची, फिकट दुधी झिलईची कुंडी मुलीनं निवडली आहे. खुडणीचं बरंचसं काम आता तीच करते. तिची नखं माझ्यापेक्षा हलकी चालतात. डावीकडच्या सगळ्यांत खालच्या फांदीवर मात्र आमचं एकमत नाही. "बाबा, काढून टाक ती, बुंधा दिसू दे की," असं ती दर वसंतात म्हणते. मला वाटतं त्या फांदीच्या मुळाशी मेंढीच्या दातांची खूण आहे, आणि आतली एक बारीक कळी यंदा पहिल्यांदाच टपोरी झाली आहे. ती पालवी कशी येते ते पाहून ठरवू, असं सध्या ठरलं आहे.