बागेंतला बुटका

घरापुढील बागेंत काय लावावें हें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. काय मांडूं नये हें मात्र शेजारी सांगतात. आमच्या बिबवेवाडींत बैठ्या बंगल्यांच्या जागीं आतां उंच इमारती उठत असल्यामुळें, ज्यांच्यापाशीं चार हात माती उरली आहे त्यांना या उपदेशाचा लाभ अधिकच होतो.

माझ्या बागेंतील वादाचें कारण म्हणजे वीतभर उंचीचा एक मातीचा बुटका. टोकदार तांबडी टोपी, पोटावर रुळणारी पांढरी दाढी, हातांत कंदील. इंग्रज त्याला ‘नोम’ म्हणतात. गेल्या दिवाळींत लीड्सहून आलेल्या माझ्या सहा वर्षांच्या नातवानें तो कपड्यांत गुंडाळून आणला.

एका विद्वान स्नेह्यांनीं त्याला पाहतांच “ही साहेबी अभिरुचि!” म्हणून नाक मुरडलें. गंमत अशी, कीं साहेबाच्या अभिरुचीलाही हा बुटका नीटसा पचलेला नाहीं. सर चार्ल्स आयशम यांनीं १८४० नंतरच्या दशकांत असले बुटके जर्मनींतून आणून नॉर्दम्प्टनशायरमधील आपल्या लॅम्पोर्ट हॉलच्या बागेंत मांडले, तेव्हां तो बड्या माणसाचा छंद ठरला. (त्यांच्या मुलींना मात्र ते खपत नसत, वडिलांच्या पश्चात् त्यांनीं ते काढून टाकले. एकच कसाबसा बचावला.) पुढें बुटके स्वस्त झाले, सामान्यांच्या अंगणांत शिरले, आणि एकाएकीं ग्राम्य ठरले. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनानें त्यांना मज्जाव केला. शताब्दीनिमित्त २०१३ सालीं तो तेवढ्यापुरता उठला. अभिरुचि म्हणून जी मिरवते, तींत दुसऱ्याच्या मिळकतीचा अंदाजच पुष्कळदां अधिक असतो.

आणि मातीचीं चित्रें आपल्याला तरी कुठें परकीं आहेत? दिवाळींत पुण्याच्या अंगणाअंगणांतून किल्ले उठतात. महाराज सिंहासनावर बसतात, उतारांवर अळीव पेरून हिरवळ करतात. तेथें वाघ घोड्याहून मोठा असतो, गवळण बुरुजाएवढी असते. प्रमाणबद्धतेचा प्रश्न कोणी काढीत नाहीं. नातवानें आपला बुटका सरळ महाद्वाराशीं पहाऱ्याला उभा केला. “आजोबा, कंदील फक्त त्याच्याकडेच आहे ना!” हें त्याचें समर्थन.

खरी हरकत निघाली ती दिवाळीनंतर. नातू परत गेला, किल्ला मोडला, मावळे फडताळांत गेले, बुटका उरला. मी तो तुळशीवृंदावनाशेजारीं ठेवला होता. तेथून सौभाग्यवतीनें तो हलविला. “मी दिवा लावायला जातें आणि हा मेला हसत असतो,” ती म्हणाली. हा आक्षेप मला सर्वस्वीं मान्य आहे. तुळस मांडलेली नसते, ती असते. बाकीची बाग मात्र हौसेची, आणि हौसेचें कुळगोत कोण विचारतो? कुंपणावरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेंतली. तिला आजवर कोणी साहेबी म्हटलेलें नाहीं. तिच्याच खालीं बुटक्याला जागा दिली. एकच, दोन-चार झाले कीं दुकान दिसूं लागतें.

यंदाच्या पहिल्याच पावसांत त्याच्या टोपीचा तांबडा रंग निघून गेला. समोरचे गृहस्थ म्हणतात, रंगवून तरी घ्या. डबा आणि कुंचला दोन्हीं आणून ठेवलीं आहेत. पण तें काम नातवानें फोनवरून स्वतःकडे राखून ठेवलें आहे, आणि तो येणार पुढच्या वर्षाच्या दिवाळीला.